वाचकांचे प्रश्न : गिटार पेडलचा लाकडी डबा

यावेळी निवडलेली सगळी पत्रे घरी बनवलेल्या गिटार पेडलविषयी आहेत, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडून पायाने चालू-बंद करायच्या डब्यांविषयी. बहुतेकांनी एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरपासून (आवाज वाढवणाऱ्या सर्किटपासून) सुरुवात केली आहे आणि डबा प्रत्येकाला लाकडाचाच हवा आहे. पत्रे वाचताना दिसले ते असे, की टेबलावर सर्किट नीट वाजते आणि डब्यात घातले की अडते. बाजारातल्या पेडलचा ॲल्युमिनियमचा डबा सर्किटचेच काम करत असतो. तो ग्राउंड (सगळ्या सर्किटची सामाईक तार) जोडतो, बाहेरचा गोंगाट अडवतो आणि पायाचा भार झेलतो. पहिली दोन कामे लाकूड करत नाही, तिसरे अर्धवट करते. खालची बरीचशी उत्तरे याच एका गोष्टीकडे येतात.

प्रश्न (खानापूर) : जुन्या घराच्या सागवानी चौकटी आणि फणसाची एक फळी घरात पडून आहे. डब्यासाठी कोणते लाकूड घ्यावे? अख्खा ठोकळा कोरावा की फळ्या जोडाव्यात?

दोन्ही चालतील. सागवान कमी हलते, म्हणजे पाऊस-उन्हात कमी फुगते आणि कमी आकसते, म्हणून पहिल्या डब्याला तेच घ्या. चौकटीच्या लाकडावर रंधा मारण्यापूर्वी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर रंध्याचे पाते पहिल्याच फटक्यात जाते. फणस कोरायला सोपा. दक्षिणेतली वीणा त्याच लाकडाची करतात. त्याचा पिवळा रंग उजेडात हळूहळू तपकिरी होतो, तो दोष समजू नका. शिसव हवेच असेल तर जुन्या मोडक्या फर्निचरचे वापरा. ताजे लाकूड कोणी आणून देतो म्हणाले तर घेऊ नका, तोडीला आणि वाहतुकीला वनखात्याची परवानगी लागते.

आता हलण्याचे गणित. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळपास हलत नाही, आडवे हलते. सागवानाची १२० मिमी रुंदीची फळी मे महिन्यात कापली आणि जुलैत तिच्यातला ओलावा पाचेक टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे १ मिमीपर्यंत रुंदावते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात एवढा फरक सहज पडतो. म्हणून कापलेले तुकडे ज्या खोलीत पेडल राहणार त्याच खोलीत दोन-तीन आठवडे, मध्ये काड्या घालून रचून ठेवा आणि मगच जोडा.

अख्खा ठोकळा कोरलेला सुंदर दिसतो, पण आमचा सल्ला फळ्या जोडून केलेल्या चौकटीचाच. चार बाजू १० मिमी सागवानाच्या, वर आणि खाली २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा. आतली जागा १०५ × ६० × ३६ मिमी ठेवली की एक सर्किट, फूटस्विच (पायाने दाबायचा स्विच) आणि ९ व्होल्टची बॅटरी बसते. पाय पत्र्यावर पडतो, लाकडावर नाही. बेळगावच्या उद्यमबागेत कोणत्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये असा पत्रा काटकोनात कापून मिळेल. पत्र्यात ३ मिमी स्क्रूला ४ मिमी भोक पाडा आणि वर वॉशर घाला, म्हणजे पावसाळ्यात लाकडाला सरकायला जागा राहते. तेवढी मोकळीक न दिल्यास कोपऱ्याचा सांधा उघडतो. तळाचा पत्रा वारंवार काढावा लागतो आणि लाकडातला स्क्रू पाच-सहा वेळांत ढिला पडतो, तिथे एम३ (३ मिमी स्क्रू) चे, आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट बसवा.

वरची बाजूही लाकडाचीच हवी असा हट्ट असेल तर ८ मिमी फळी घ्या. पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर), जॅक (गिटारची वायर घालायचे सॉकेट) आणि स्विचच्या जागी आतून २५ मिमी फोर्स्टनर बिटने खोलगट करून तिथे ३ मिमी जाडी राखा, कारण पॉटच्या गळ्याचे आटे त्यापेक्षा जाड लाकडातून नटापर्यंत पोहोचतच नाहीत. स्विचखाली मात्र २ मिमी पत्र्याचा तुकडा अराल्डाइटने चिकटवा. ३ मिमी लाकूड बुटाचा दाब सोसत नाही. भोके एका तंतूच्या रेषेत आणू नका, दोन-चार मिमी इकडेतिकडे सरकवा. एका भोकाची चीर रेषेने थेट दुसऱ्या भोकात जाते. चौकटीत जॅकच्या जागीही आतून असेच ३ मिमीपर्यंत पातळ करावे लागेल, आणि दोन्ही जॅक अगदी समोरासमोर ठेवू नका. प्लग घातल्यावर त्यांच्या पट्ट्या आत एकमेकींना टेकतात.

भोकांची मापे : पॉट ७ मिमी, जॅक १० मिमी, फूटस्विच १२ मिमी, एलईडी ५ मिमी.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : सर, पत्र्याच्या डब्यात हेच सर्किट शांत होतं. सागवानी डब्यात घातलं आणि भुंगा शिरल्यासारखं घूंऽऽ करायला लागलंय बघा. सर्किट बिघडलं काय?

सर्किट ठीक असणार. आधी आउटपुट जॅक बघा. बहुतेक वायरिंगचे नकाशे पत्र्याच्या डब्यासाठी काढलेले असतात. त्यांत एकाच जॅकच्या स्लीव्हला (जॅकच्या ग्राउंडच्या भागाला) ग्राउंडची तार दाखवतात, कारण दुसऱ्या जॅकला ते ग्राउंड पत्र्यातून आपोआप मिळते. लाकडात ते मिळत नाही. दोन्ही जॅकच्या स्लीव्हमध्ये मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून पाहा; बीप आली नाही तर दोष तिथेच आहे. स्लीव्ह ते स्लीव्ह एक तार जोडा. पॉटचे धातूचे अंगही असेच लटकत राहते. त्याच्या पाठीवर पॉलिश पेपर घासून एक तार सोल्डर करा, नाहीतर नॉबला हात लावला की आवाज बदलतो.

एवढे करूनही घरघर राहिली तर ती कुठून येते ते आधी ओळखा, मग खर्च करा. ॲडाप्टर काढून बॅटरी लावा. घरघर गेली तर दोष ॲडाप्टरचा, डब्याला हात लावायची गरज नाही. बॅटरीवरही आहे, पण गिटार घेऊन जागेवरच गिरकी घेतल्यावर कमी-जास्त होते? मग ती गिटारच्या तारांखालच्या सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपने पकडलेली चुंबकीय घरघर आहे. डबा कशाचाही केला तरी ती राहणार. बॅटरीवर आहे, गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी आहे, आणि डब्याभोवती हाताची ओंजळ धरली की बदलते, तर मात्र शील्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारे धातूचे अस्तर) नाही हे नक्की.

शील्डिंगसाठी तांब्याची चिकट टेप घ्या, २५ किंवा ५० मिमी रुंद. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल स्वस्त, पण तिच्यावर सोल्डर बसत नाही. डब्याच्या आतल्या चारही बाजूंना टेप लावा, पट्ट्या एकमेकींवर ५ मिमी चढवा आणि वरच्या कडेवरून २ मिमी बाहेर वळवा, म्हणजे झाकणाचा पत्रा तिला टेकेल. त्यानंतर प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या. हे टाळता येत नाही. टेपचा गोंद वीजवाहक आहे असे पाकिटावर लिहिलेले असले तरी काही महिन्यांत जोड सुटतात आणि टेपचा तेवढा तुकडा अँटेना होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मल्टिमीटरने १ ओहमपेक्षा कमी आले पाहिजे. शेवटी टेपपासून इनपुट जॅकच्या स्लीव्हपर्यंत एकच तार न्या. बोर्ड, दोन्ही जॅक आणि टेप यांच्या ग्राउंड तारा त्या एका बिंदूवर आणल्या की गोंधळ राहत नाही.

टेप लावली की नवा धोका येतो. बोर्डाची सोल्डर केलेली बाजू तांब्याला टेकली की सगळे गप्प होते. मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा घाला.

प्रश्न (निपाणी) : एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरला ४३० के (किलोओहम) आणि ४३ के रेझिस्टर लिहिलेत, इथल्या दुकानात मिळत नाहीत. ट्रान्झिस्टरही टू-एन ३९०४ ऐवजी बीसी ५४७ मिळाला, तो लावला तर आवाजच येत नाही.

हे न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या पेडल कंपनीच्या एलपीबी-१ बूस्टरचे सर्किट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते आले आणि आजही पहिल्या पेडलसाठी त्याच्याइतके चांगले दुसरे नाही. ४३० च्या जागी ४७० के आणि ४३ च्या जागी ४७ के लावा. दोघांचे गुणोत्तर तेच राहते, म्हणून बेसवरचा व्होल्टेजही तोच राहतो. बाकी सामान : कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओहम, इनपुट आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे एकेक कपॅसिटर, व्हॉल्यूमला १०० के लॉग पॉट. त्यात आमच्याकडून दोन भर : इनपुटपासून ग्राउंडला १ मेगओहम, आणि ९ व्होल्टच्या तारेवर ४७ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. सगळे झिरो पीसीबीच्या (भोके पाडलेल्या तयार बोर्डाच्या) ३० × ४० मिमी तुकड्यावर बसते.

आवाज न येण्याचे कारण पायांचा क्रम. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरा. टू-एन ३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असतात; बीसी ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे नकाशात दाखवला त्याच्या उलट फिरवून लावायचा. लावल्यावर गिटार न जोडता कलेक्टर ते ग्राउंड मोजा. ४ ते ६.५ व्होल्ट आले तर ठीक. ८.५ च्या वर असेल तर ट्रान्झिस्टर चालू नाही, पाय उलटे आहेत किंवा ४७० के सुटला आहे. अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर बेसला जास्त व्होल्टेज जाते आहे. ४७ के ग्राउंडला जोडला आहे का ते पाहा.

लॉग पॉट नाही म्हणून लिनिअर लावला तर चालतो, फक्त नॉबच्या पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज येऊन जातो. लिनिअर पॉट लॉगसारखा चालावा म्हणून त्याच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १५ के लावायची युक्ती नेहमी सांगतात. या सर्किटमध्ये ती करू नका. कलेक्टरचा रेझिस्टरच १० के आहे, त्याच्यावर एवढा भार पडला की पूर्ण उघडलेल्या नॉबलाही आवाजाचा व्होल्टेज चाळीसेक टक्क्यांनी घटतो.

प्रश्न (चिकोडी) : वायफायच्या डब्याचा ॲडाप्टर पिनला बसला म्हणून लावला. एकदा चट् झाले आणि पेडल बंद पडले.

पिन बसली म्हणजे ॲडाप्टर चालतो असे नाही. गिटार पेडलमध्ये मधली पिन ऋण आणि बाहेरची कडी धन असते. राउटरचे ॲडाप्टर बहुधा याच्या उलटे, आणि अनेकदा १२ व्होल्टचे. बहुतेक ट्रान्झिस्टर आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गेला असेल. दोन्ही बदला, दोन-चार रुपयांचे सामान आहे. पुढच्या वेळी धन तारेत वन-एन ५८१७ डायोड ओळीने घाला. उलटा ॲडाप्टर लावला तर पेडल नुसते चालणार नाही, जळणार नाही. घरातला वन-एन ४००७ ही चालतो, पण तो ०.७ व्होल्ट खातो आणि ५८१७ साधारण ०.२.

टेप लावलेल्या डब्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डीसी जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचाच घ्या. धातूच्या आट्यांच्या जॅकमध्ये बाहेरची कडी अंगाला जोडलेली असते, आणि इथे बाहेरची कडी म्हणजे ९ व्होल्ट धन. तो जॅक ग्राउंड केलेल्या तांब्याला टेकला की थेट शॉर्ट.

ॲडाप्टर योग्य असूनही बारीक चिरचिर येत असेल तर डायोडनंतर १०० ओहम ओळीने आणि पुढे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा. बूस्टर आणि एलईडी मिळून दोन-तीन मिलिअँपिअरच घेतात, त्यामुळे व्होल्टेज फारसा उतरत नाही.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : नऊ पायांचा फूटस्विच कसा जोडायचा? एक जोडताना पाय हलायला लागला, आता तो कधी लागतो कधी नाही.

तो स्विच वाया गेला. आत प्लॅस्टिक वितळून पाय तिरका झाला आहे. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न घ्या, पायाला आधी थोडे सोल्डर चढवा, तारेलाही चढवा, आणि दोन्ही टेकवून तीन सेकंदांत हात काढा. शेजारच्या पायाकडे वळण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबा. तार पायाच्या भोकात ओढून गुंडाळायची घाई करू नका, ओढण्यानेच पाय हलतो.

पायांच्या पट्ट्या आडव्या दिसतील असा स्विच धरा. तीन उभे रकाने म्हणजे तीन वेगळे स्विच, मधली ओळ त्यांचे सामाईक पाय. डाव्या रकान्यात मध्ये इनपुट जॅक, वर बोर्डाचा इनपुट. मधल्या रकान्यात मध्ये आउटपुट जॅक, वर बोर्डाचा आउटपुट, म्हणजे व्हॉल्यूम पॉटचा मधला पाय. या दोन रकान्यांचे खालचे पाय एकमेकांना जोडा. पेडल बंद असताना आवाज तिथून सरळ जातो. उजव्या रकान्यात मध्ये ग्राउंड, वर एलईडीचा ऋण पाय, खाली रिकामे. एलईडीच्या धन पायाला ९ व्होल्टपासून ४.७ के. सोल्डर करण्यापूर्वी मल्टिमीटरने रकाने तपासा. स्विच पाव फेरी फिरवून धरला तर सगळेच चुकते.

दाबताना फट् आवाज येतो अशी तक्रार आणखी दोघांनी लिहिली आहे. वर सांगितलेला इनपुटचा १ मेगओहम त्यासाठीच आहे.

प्रश्न (निपाणी) : जुन्या रेडिओतून निघालेले एसी १२८ ट्रान्झिस्टर चार आहेत. फझ (आवाज खरखरीत करणारे पेडल) करता येईल का?

येईल, आणि जपून ठेवा ते. लंडनच्या आर्बिटर कंपनीचा १९६६ चा फझ फेस याच जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांवर चालायचा. आधी गळती, म्हणजे बेस मोकळा असतानाही वाहणारा करंट, मोजा. एमिटर ९ व्होल्टच्या धनाला, कलेक्टरपासून ऋणापर्यंत २.४ के, बेस मोकळा. रेझिस्टरवर ०.७ व्होल्टपेक्षा जास्त आले, म्हणजे गळती ३०० मायक्रोअँपिअरच्या वर गेली, तर तो बाजूला ठेवा. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका, बोटाच्या उबेनेही आकडा चढतो. एप्रिलच्या उन्हात मंडपात पेडलचा आवाज चिरका आणि तुटका होतो तो याचमुळे. ते पीएनपी जातीचे आहेत, म्हणजे ग्राउंड ऋणाऐवजी धनाला येते. म्हणून त्या पेडलला बॅटरीच द्या, इतर पेडलांच्या ॲडाप्टरवर जोडू नका.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर) : पावसाळ्यात डब्याचा तळ फुगून अडकला. आत तांब्यावर हिरवे डाग आलेत. पॉलिश कोणते करावे?

तुम्ही बाहेरून पॉलिश केले आणि आतून लाकूड कोरे ठेवले, हो ना? मग ओलावा एका बाजूने शिरतो आणि फळी वाकते. आत-बाहेर सारखेच हात द्या, टेप लावण्यापूर्वी. टोकांकडचे कापलेले तंतू सगळ्यांत जास्त पाणी पितात, तिथे दोन हात जास्त.

सोपे पॉलिश चपडीचे. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ पाच-सहा हात द्या, मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. मात्र मुसळधार पावसाच्या दिवशी करू नका, हवेतली दमट बाष्पे थरात अडकून पॉलिश पांढरे पडते. चपडीवर ओला बूट पडला तरी पांढरा डाग येतो. म्हणून बाजूंना चपडी ठीक, पाय पडतो ती वरची बाजू लाकडाची असेल तर तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. सागवान तेलकट असते, त्यामुळे सांधा चिकटवण्याच्या जस्ट आधी तो थिनरने पुसा, नाहीतर फेविकॉल धरत नाही.

हिरवे डाग ओलाव्याने येतात, पण एवढ्या लवकर आले असतील तर नळकामाची आम्लाची पेस्ट वापरली असावी. ती इलेक्ट्रॉनिक्सला कधीच नको, राळेचे फ्लक्स घ्या. डाग स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, जोड पुन्हा मोजा.

प्रश्न (खानापूर) : गणपतीच्या मंडपात गाताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. पेडल लाकडाचे आहे, मग करंट कुठून?

वाजवणे लगेच थांबवा. गिटारच्या तारा, जॅकचा स्लीव्ह आणि अँप्लिफायरचे ग्राउंड एकच असते. डबा लाकडाचा असला तरी करंट तारेतूनच येतो. बहुधा तुमचा अँप्लिफायर आणि माइकचा मिक्सर वेगवेगळ्या जोडण्यांवर आहेत आणि त्यांतल्या एकाला अर्थिंग नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवायला कोणी मोठी पिन काढली आहे का ते आधी पाहा. काढली असेल तर तो प्लग फेकून नवा लावा. अँप्लिफायर आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. मग माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. दोन-चार व्होल्टच्या वर काहीही दिसले तर वायरमनला बोलवा, आणि तो येऊन अर्थिंग तपासेपर्यंत त्या बोर्डावर कोणालाही वाजवू देऊ नका.